रात्र, वेग आणि नियम: अर्बन फँटसी अ‍ॅक्शनपट नीट बघायचा तर

आजचं शहर, त्यात लपून राहणारे पिशाच्च, मांत्रिक किंवा लांडगेमाणसं, आणि गल्लीबोळांतून गच्चीपर्यंत चालणारी हाणामारी. अशा चित्रपटाबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, "सगळं काळोखातच चाललं होतं, काही दिसलंच नाही." दोन, "शेवटी तो मेला कसा, तेच कळलं नाही." पहिल्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये सापडतं, दुसरीचं सुरुवातीच्या वीस-पंचवीस मिनिटांत कानावरून गेलेल्या एखाद्या अर्ध्या वाक्यात. दोन्हींवर इलाज आहे. थोडी तयारी आधी करावी लागते, थोडं लक्ष बघताना द्यावं लागतं. खाली सगळं त्याच क्रमाने दिलं आहे.

आधी प्रत ठरवा

थिएटरात बघणार असाल तर काम सोपं. सभागृहाच्या मध्यरेषेवर, पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावरची रांग घ्या. थिएटरातला आवाज जुळवताना मोजमाप साधारण तिथेच केलेलं असतं. थ्रीडी टाळा. थिएटरच्या पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाचं मानक तेज जेमतेम ४८ निट्स (निट हे तेज मोजायचं एकक) असतं आणि थ्रीडी चष्मा त्यातला निम्म्याहून जास्त प्रकाश खातो. उन्हातल्या साहसपटात ते चालून जाईल, पण निम्मा चित्रपट अंधाऱ्या भुयारात घडणार असेल तर काळ्या कोटातला नायक आणि काळी भिंत वेगळी ओळखू येणार नाही. जास्तीचे पैसे खर्चायचेच असतील तर लेझर प्रोजेक्टरच्या पडद्यावर खर्चा, तिथे काळा रंग खरोखर काळा दिसण्याची शक्यता जास्त.

घरी बघताना ४के डिस्क आणि स्ट्रीमिंग यांतला फरक ह्या प्रकारात जितका जाणवतो तितका विनोदी चित्रपटात कधीच जाणवणार नाही. ४के डिस्कवरचा डेटा सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. स्ट्रीमिंगचं ४के साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये भागवतं. डेटा वाचवायचा तर कॉम्प्रेशन, म्हणजे चित्र आकसून पाठवायची पद्धत, आधी अंधाऱ्या भागांना कात्री लावतं, कारण तिथलं नुकसान डोळ्याला कमी दिसतं असं त्याचं गणित असतं. धूर, पाऊस, धुकं आणि उडणारी राख हे तर त्याचे शत्रूच, कारण प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदललेलं असतं. परिणाम म्हणजे धुक्यात चौकोनी ठोकळे आणि निऑनच्या दिव्याभोवती पायऱ्या-पायऱ्यांची वलयं. वलयांचं आणखी एक कारण रंगांच्या पायऱ्यांत आहे. साध्या ८ बिटच्या प्रतीत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, १० बिटच्या एचडीआर प्रतीत (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या) १०२४. काळ्याकडून गडद निळ्याकडे जाणारं आकाश दाखवायला २५६ अपुऱ्या पडतात.

स्ट्रीमिंगशिवाय पर्याय नसेल तर:

– टीव्ही केबलने राउटरला जोडा. बऱ्याच टीव्हींचं केबल पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, पण इथे तेवढं पुष्कळ झालं. केबल शक्य नसेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड निवडा.

– कॉम्प्युटरच्या ब्राउझरऐवजी टीव्हीवरचं अ‍ॅप वापरा. अनेक सेवा ब्राउझरला ४के देतच नाहीत.

– चित्रपट सुरू करा, एक-दोन मिनिटं चालू द्या आणि मग मागे जाऊन पहिल्यापासून बघा. स्ट्रीम सुरुवातीला हलक्या दर्जावर चालू होते आणि हळूहळू वर चढते. ह्या चित्रपटांचा पहिला प्रसंग बहुधा रात्रीचाच असतो, तो धूसर बघायचं काही कारण नाही.

कोणती आवृत्ती हेही तपासा. १९८६च्या 'हायलँडर'ची अमेरिकेत दाखवलेली आवृत्ती युरोपातल्या आवृत्तीपेक्षा लहान होती. दुसऱ्या महायुद्धात अमर नायक एका लहान मुलीला वाचवतो तो प्रसंग अमेरिकेतल्या आवृत्तीत नव्हता. तीच मुलगी पुढे त्याची वयस्क सहकारी होते, त्यामुळे दोघांचं नातं नेमकं काय, हे नीट उलगडत नव्हतं. मात्र लांब आवृत्ती दर वेळी चांगलीच असते असं नाही. पुष्कळदा ती नुसती लांब असते. पहिल्यांदा बघताना थिएटरात आलेलीच घ्यावी, अपवाद फक्त दिग्दर्शकाने स्वतः पुन्हा जुळवलेल्या आवृत्तीचा.

टीव्हीची सेटिंग: इथे अर्धी लढाई

एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. बहुतेक टीव्ही साध्या चित्राची, एचडीआरची आणि डॉल्बी व्हिजनची (हा एचडीआरचाच एक प्रकार) सेटिंग वेगवेगळी साठवतात. बातम्या चालू असताना केलेला बदल एचडीआर चित्रपटाला लागू होत नाही. म्हणून चित्रपट सुरू करून, एखाद्या अंधाऱ्या प्रसंगावर थांबवूनच मेनू उघडा.

पहिलं काम पिक्चर मोडचं. 'व्हिव्हिड', 'डायनॅमिक' किंवा 'स्टँडर्ड' सोडून 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' निवडा. फिल्ममेकर मोड यूएचडी अलायन्स ह्या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने २०१९मध्ये जाहीर केला. तो टीव्हीने स्वतःच्या अकलेने केलेल्या बहुतेक सुधारणा एका झटक्यात बंद करतो. चित्र पिवळट वाटेल. दहा-पंधरा मिनिटं कळ काढा, डोळे सरावतात. त्याआधी रंग पुन्हा 'कूल'वर नेलात तर रात्रीचे सगळे प्रसंग एकसारखे निळे होतील, आणि कॅमेरामनने चांदण्याला दिलेला निळा आणि जादूला दिलेला निळा यांतला फरक पुसला जाईल.

दुसरं, मोशन स्मूदिंग बंद. सॅमसंगवर ते 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' ह्या नावाखाली सापडेल, एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो'. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ही सोय दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने नव्या फ्रेम घुसडते. तारेवर लटकून मारलेली उडी २४ फ्रेममध्ये अमानवी वाटते, कारण मधलं बरंचसं डोळा स्वतः भरतो. फ्रेम वाढल्या की तीच उडी तारेला लोंबकळणाऱ्या माणसासारखी दिसते. शिवाय वेगाने फिरणाऱ्या तलवारीच्या कडेला टीव्हीचा अंदाज चुकतो आणि पात्याभोवती पारदर्शक भूत दिसू लागतं. त्या भुताचा पटकथेशी काही संबंध नसतो. ओएलईडी पडद्यावर कॅमेरा आडवा सरकताना चित्र फारच अडखळत असेल, तर डी-जडर (ह्याच सोयीतला अडखळणं कमी करणारा भाग) दहापैकी एक किंवा दोनवर ठेवा, त्यापुढे नको.

टीव्हीला स्ट्रीमिंगची स्टिक किंवा बॉक्स जोडला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट' शोधून चालू करा. ते बंद असलं की बॉक्स सगळं ६० हर्ट्झवर पाठवतो. २४ने ६०ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. पाठलागात गाड्या लंगडत चालल्यासारख्या वाटतात ते ह्यामुळे. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम सरळ पाच वेळा येते आणि प्रश्न मिटतो.

तिसरं काम काळ्याचं, आणि ह्याला घाई करू नका. यातले बरेच चित्रपट २.३९:१ ह्या रुंद आकाराचे असतात, म्हणजे टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. हीच तुमची मोजपट्टी. खोलीतले दिवे बंद करा. काळा कोट किंवा काळे केस असलेल्या अंधाऱ्या प्रसंगावर चित्रपट थांबवा. 'ब्लॅक लेव्हल' (काही टीव्हींवर ह्यालाच 'ब्राइटनेस' म्हणतात) एकेक अंकाने वाढवत जा, वरची पट्टी राखाडी दिसायला लागेपर्यंत. आता एकेक अंक खाली या. पट्टी टीव्हीच्या चौकटीत मिसळली की थांबा. कोटाच्या चुण्या दिसतायत? खांदा आणि भिंत वेगळी कळतायत? मग झालं. पट्टी काळी होऊनही चुण्या अजिबात दिसत नसतील तर दोष दुसरीकडे आहे: बॉक्स आणि टीव्ही यांची एचडीएमआय रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे, जुळत नाही. एक 'लिमिटेड' म्हणजे १६ ते २३५ पाठवतो आणि दुसरा 'फुल' म्हणजे ० ते २५५ समजतो, किंवा उलट. एका गफलतीत सावल्या काळ्या डबक्यात बुडतात, दुसरीत सगळ्या चित्रावर राखाडी धुकं पसरतं. दोन्हीकडे 'ऑटो' ठेवा. तरीही फरक पडला नाही तर दोन्हीकडे 'लिमिटेड' करा.

मग ऊर्जाबचत, खोलीतल्या उजेडाचा सेन्सर आणि 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद करा. ही मंडळी चालू असली की चौकटीत निऑनची पाटी आली रे आली की आख्खी गल्ली काळवंडते, आणि पाटी गेली की पुन्हा उजळते. शार्पनेस शून्याच्या जवळ. नॉइज रिडक्शन डिस्कला बंद, हलक्या स्ट्रीमला 'लो'.

एचडीआरबद्दल एक स्पष्ट मत: स्वस्त टीव्हीवर त्याचा हट्ट धरू नये. एचडीआर चित्रपट सहसा १००० किंवा ४००० निट्सच्या मॉनिटरवर तयार होतात. तुमचा पडदा ३००-४०० निट्सवर दम टाकत असेल तर तो उजळ भाग दाबतो किंवा सगळंच काळोखं करतो. अशा वेळी एचडीआर बंद करून तोच प्रसंग साध्या चित्रात बघा, अनेकदा तोच जास्त स्पष्ट दिसतो. डॉल्बी व्हिजनमध्ये 'ब्राइट' आणि 'डार्क' किंवा 'सिनेमा' असे पर्याय असतात. दिवे पूर्ण बंद असतील तर दुसरा, थोडा उजेड असेल तर पहिला.

खोली आणि बसायची जागा

पडद्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर ब्लॅक लेव्हल कितीही जुळवा, फुकट. मागचा दिवा बंद, खिडकीला पडदा. पूर्ण अंधारात डोळे दुखत असतील तर टीव्हीच्या मागे भिंतीवर ६५०० केल्विनचा पांढरा मंद दिवा लावा, पडद्याच्या पांढऱ्याच्या एक दशांशाहून उजळ नको. रंग बदलणारी पट्टी इथे शत्रू आहे, मागे जांभळा उजेड असला की पडद्यावरचा राखाडी रंग हिरवट दिसतो.

दिवे चित्रपटाआधी दहा मिनिटं घालवा. डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात, आणि मध्येच मोबाइल उघडला की ती मेहनत पाण्यात जाते.

५५ इंची टीव्ही असेल तर १.७ ते २.२ मीटर अंतरावर बसा. कोणत्याही टीव्हीसाठी हिशेब सोपा आहे: पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट. बहुतेक घरांत सोफा याच्या दुप्पट अंतरावर असतो. शक्यतो समोरच बसा, कारण अनेक एलसीडी पडदे बाजूने बघितले की काळा रंग फिका पडतो.

झगमगणाऱ्या प्रकाशाचा त्रास असलेलं कोणी सोबत असेल तर आधी विचारून घ्या. क्लबमधले स्ट्रोब दिवे आणि मंत्रांचे लखलखाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकत असतील तर प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकतात. खोलीत दिवा चालू ठेवावा, लांब बसावं, आणि असा प्रसंग अचानक आला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी. नुसते दोन्ही डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून लखलखाट आत येतोच.

आवाज: संवाद वाचवा

कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा आणि स्फोट झाला की धडपडत रिमोट शोधायचा. हा खेळ होतो कारण ५.१च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर धरून केलेल्या मिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमध्ये असतात, आणि टीव्हीकडे तो नसतो. मग स्फोट, पाऊस, संगीत आणि माणसाचा आवाज असे सगळे त्याच दोन छोट्या स्पीकरमध्ये कोंबले जातात. सोपा उपाय म्हणजे ऑडिओच्या मेनूत स्टीरिओ ट्रॅक दिला असेल तर तो निवडणे. साउंडबार घ्यायचाच असेल तर मधला स्वतंत्र चॅनेल असलेला घ्या आणि तो दोन-तीन डेसिबल वाढवा. शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी असेल तर 'नाइट मोड' लावा, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. दणका कमी होईल, पण नियम ऐकू येतील, आणि या चित्रपटात नियम ऐकू येणं जास्त महत्त्वाचं आहे.

सबवूफर असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सीमेखालचे आवाज सबवूफरकडे जातात ती, ८० हर्ट्झवर ठेवा. कोपऱ्यात ढकललेला सबवूफर घुमतो. पुरुषी आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला तर सबवूफर भिंतीपासून पुढे ओढा, मगच त्याचा आवाज कमी करा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर नेमकं मागे कोण पडतंय ते बघा. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकायला लागतं, उशिरा आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातं. आवाज आधी येत असेल तर साउंडबारच्या किंवा टीव्हीच्या 'ऑडिओ डिले'ने तो मागे खेचा. उशिरा येत असेल तर संशयित बहुधा ब्लूटूथ हेडफोन. वायर लावा.

सबटायटल ठेवावेत का? मूळ भाषा सहज कळत नसेल तर पहिल्या वेळी नक्की ठेवा. डबिंगपेक्षा ते बरे, कारण डबिंगमध्ये भुयारातला घुमारा आणि गल्लीतला कोरडेपणा दोन्ही स्टुडिओतल्या एकाच आवाजात विरघळतात. मात्र एचडीआरमध्ये पांढरीधोट अक्षरं डोळ्यात घुसतात, तेव्हा रंग राखाडी करा, मागची चौकट काढून टाका, आकार एक पायरी लहान करा. एक अपवाद आवर्जून सांगण्यासारखा आहे. २००४च्या रशियन 'नाइट वॉच'च्या अमेरिकेतल्या आवृत्तीत सबटायटल चित्राचाच भाग होते, अक्षरं हलायची, रक्तासारखी विरघळायची. साध्या सबटायटलच्या प्रतीत ही मजा हरवते, म्हणून मिळाली तर तीच आवृत्ती शोधा.

पहिली वीस मिनिटं: नियम गोळा करा

इथे मात्र डोळ्यात तेल घालून बसायचं. इतर अ‍ॅक्शनपटात नायक कसा जिंकेल याला फारशा अटी नसतात, ज्याच्याकडे ताकद आणि गोळ्या जास्त तो जिंकतो. इथे ताकदीला नियम असतात, आणि शेवटची लढाई त्यांतल्याच एखाद्यावर फिरते. नमनाला घडाभर तेल वाटलं तरी ते वाया जात नसतं.

सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. चार प्रश्नांची उत्तरं हाताशी असली की पुरे. जादूची किंमत काय, म्हणजे वापरणाऱ्याचं रक्त, आयुष्य, आठवण की झोप जाते? तिला कुठे मज्जाव आहे, म्हणजे उंबरा, वाहतं पाणी, दिवसाउजेड, पवित्र जागा? सामान्य नागरिकांना ती दिसते का, आणि दिसली तर त्यांच्या स्मृतीचं काय होतं? आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा कोण करतो? चौथ्या प्रश्नाकडे प्रेक्षक सर्वांत कमी लक्ष देतात, पण मध्यंतरानंतर कोण कोणावर उलटणार याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

दुसऱ्या चित्रपटाचे नियम सोबत आणू नका. पिशाच्च उन्हात जळतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा रस्त्यावर फिरतो, फक्त त्याच्या शक्ती कमी होतात. उन्हाने मरणारं पिशाच्च रूढ झालं ते १९२२च्या 'नोस्फेरातू' ह्या मूकपटापासून. आमंत्रणाशिवाय घरात न येणं मात्र स्टोकरकडे आहे. लांडगेमाणसाला चांदी चालत नाही हे सर्वदूर पोचवलं १९४१च्या 'द वूल्फ मॅन'ने. पऱ्यांना लोखंड सोसत नाही हा ब्रिटन-आयर्लंडच्या लोककथांतला नियम. प्रत्येक पटकथाकार ह्या साठ्यातून आपल्याला हवं तेवढंच उचलतो, उरलेलं मुद्दाम टाकतो. नेमकं काय टाकलं ते एखाद्या पात्राच्या थट्टेच्या वाक्यातून सांगितलं जातं: लसणाची माळ बघून पिशाच्च हसतं, त्या क्षणी लसूण बाद झाला. अशी थट्टा म्हणजे नियमच समजा.

सांगितलेला आणि दाखवलेला नियम यांत फरक करा. म्हातारा मांत्रिक तोंडाने सांगतो ते खोटं किंवा अर्धवट असू शकतं. कॅमेऱ्याने एखाद्या वस्तूवर जवळून दोन सेकंद जास्त थांबून दाखवलेलं सहसा खरं असतं. ह्या दोहोंत विसंगती दिसली तर तिथे गाठ मारून ठेवा, कथा तिथूनच उसवणार आहे.

शहरही एक नियमच आहे. वर कोण राहतं, खाली कोण? सीमा कुठली, नदी, पूल की रेल्वेचा रूळ? लपलेल्या दुनियेत शिरायचं दार कुठे आहे? एवढा मनातला नकाशा पुरतो. खऱ्या नकाशाशी तो ताडून बघू नका, कारण शहर पुष्कळदा मुद्दाम निनावी असतं. २००३चा 'अंडरवर्ल्ड' बुडापेस्टमध्ये चित्रित झाला, पण कथेत शहराचं नाव कुठेच येत नाही.

रंगावरही एक नजर असू द्या. सोडियमच्या दिव्याचा प्रकाश पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात एकवटलेला असतो, म्हणून त्याच्याखाली लाल आणि हिरवं जॅकेट दोन्ही मातकट दिसतात. अशा रस्त्यावर कुठेतरी शुद्ध निळा किंवा हिरवा उजेड दिसला तर तो मुद्दाम ठेवलेला आहे. अनेक दिग्दर्शक प्रत्येक टोळीला एक रंग देतात. तो एकदा ओळखला की धुमश्चक्रीतही कोण कुठल्या बाजूचं ते अर्ध्या सेकंदात कळतं.

मारामारी बघायची रीत

प्रसंग सुरू होताना एक रुंद शॉट येतो. खोली, दारं, दिवा, जिना, सगळं एकदम दिसतं. तो दोन-तीन सेकंदांचाच असतो. त्यात तीन गोष्टी टिपा: बाहेर पडायची वाट, उजेड कुठून येतोय, आणि जमीन कशी आहे. पुढचे जवळचे तुकडे कितीही भरभर आले तरी उजेडाच्या दिशेवरून कोण कुठे उभं आहे ते लागतं. रुंद शॉट दिलाच नसेल आणि सगळंच थरथरत्या कॅमेऱ्यातून येत असेल तर गोंधळ तुमचा नाही, दिग्दर्शकाने कच्चं काम झाकलंय. तिथे डोळे ताणू नका, आवाजावर भिस्त ठेवा.

नजर पडद्याच्या मध्याजवळ ठेवा. चांगला संकलक एका तुकड्यात ज्या जागी मुठी भिडल्या, साधारण त्याच जागी पुढच्या तुकड्यातला चेहरा ठेवतो, म्हणजे डोळ्याला उडी मारावी लागत नाही. फार जवळ बसलेल्यांना हीच सोय मिळत नाही, त्यांची मान फिरत राहते.

हाताऐवजी पाय बघा. खऱ्या ठोशाआधी मागची टाच वळते आणि कंबर फिरते. तारेवरच्या उडीत मात्र पाय जमिनीला रेटतच नाहीत, माणूस कंबरेपासून उचलला जातो. उतरतानाही गुडघे किती वाकले, कोट आणि केस किती उशिरा खाली आले ते बघा. अमानवी पात्राच्या बाबतीत हे तंत्र उलटवलेलं असतं: त्याला वजन नसल्यासारखं उतरवतात आणि माणसाला धपकन. हा फरक चित्रपटभर नेटाने पाळला असेल तर स्टंट दिग्दर्शकाला मनापासून दाद द्यावी, कारण तो नियमाचाच भाग झाला.

जादूचा परिणाम खरा वाटतो की चिकटवलेला, हे ओळखायला झगमगाटाकडे बघू नका. त्याच्या आजूबाजूला बघा. हातातल्या निखाऱ्याचा उजेड हनुवटीखाली पडतोय का? ओल्या रस्त्यात त्याचं प्रतिबिंब हलतंय का? चांगल्या कामात सेटवरच नटाच्या हातात एलईडी दिलेला असतो आणि नंतर त्याच्यावर जादू रंगवली जाते, म्हणून चेहऱ्यावरचा उजेड खरा असतो. रात्रीच्या प्रसंगात पाऊस नसतानाही रस्ता ओला दिसतो त्याचंही कारण हेच. कोरडं डांबर प्रकाश गिळतं, ओलं डांबर दिवे परत फेकतं, म्हणून चित्रीकरणाआधी रस्त्यावर पाणी मारतात. धूर सोडतात तो मागून येणाऱ्या उजेडाला आकार यावा म्हणून. ब्लॅक लेव्हल चुकलं की ही सगळी मेहनत दिसेनाशी होते, म्हणून वर एवढा वेळ त्यावर घालवला.

मध्येच न कळलेला प्रसंग आला तर लगेच मागे जाऊ नका. अर्धा मिनिट थांबा, हे चित्रपट महत्त्वाचं असेल ते बहुधा दुसऱ्या पात्राच्या तोंडून पुन्हा सांगतात. तरीही नाही उलगडलं, तर दहा सेकंद मागे जाऊन एकदाच ऐका. दर पाच मिनिटांनी थांबवत राहिलात तर वेगाची लय तुटते आणि उत्तम चित्रपटही कंटाळवाणा वाटतो. 'आता हा कोण?' असं विचारणाऱ्यांना सुरुवातीलाच चार प्रश्न सांगून ठेवा आणि उत्तरं नंतर ताडून बघायला सांगा.

संपल्यावर

नामावली सुरू झाली म्हणून उठू नका. मालिकेतला चित्रपट असेल तर नामावलीच्या मध्ये किंवा अगदी शेवटी एखादा प्रसंग असण्याची शक्यता मोठी. स्ट्रीमिंग अ‍ॅप नामावली छोट्या चौकटीत ढकलून पुढचं काहीतरी सुरू करायला बघतं, त्यामुळे ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा. मालिका पहिल्यांदा बघताना प्रदर्शनाच्या क्रमानेच बघा. पूर्वकथा नंतर आली असेल तर ती नंतरच, कारण तिचे धक्के तुम्हाला आधीचे नियम ठाऊक आहेत असं धरून लिहिलेले असतात.

आवडलेली एक मारामारी निवडा, दीड-दोन मिनिटांची. एकदा आवाज बंद करून बघा, रचना कळेल. एकदा डोळे मिटून नुसती ऐका. कोण कुठे हलतंय ते आवाजावरून कळत असेल तर मिश्रण उत्तम आहे. कळत नसेल तर आधी तुमचे मागचे स्पीकर कानाच्या रेषेपेक्षा थोडे मागे, समोरून मोजल्यास ११० ते १२० अंशांवर आहेत का ते तपासा, आणि मगच चित्रपटाला नावं ठेवा.

चित्रपट पुन्हा अख्खा बघायला वेळ नसेल तर पहिली वीस मिनिटं तरी बघा, या वेळी सबटायटल बंद करून. नियम सांगणाऱ्या पात्राऐवजी ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघा. त्यांच्यातल्या ज्याला ते आधीच ठाऊक होतं, त्याची पापणी बहुधा इतरांच्या आधी लवलेली असते.